साहेब ग्रहावर आहेत

"एकोणिसावं कलम पुन्हा एकदा वाचता का?" साहेब म्हणाले, आणि वकीलबाईंनी ते तिसऱ्यांदा वाचलं.

कंपनी विकल्यावर पुढची पाच वर्षं साहेबांनी यंत्रांविषयी काहीही लिहायचं नाही, कथा-कादंबरीतसुद्धा नाही. आणि यंत्रांविषयी आजवर लिहिलेलं पण न छापलेलं जे असेल, ते नव्या मालकांच्या ताब्यात द्यायचं. पाच वर्षांनी साहेब एक्क्याऐंशीचे होणार होते. वकीलबाई नव्या मालकांच्या, वयाने साहेबांच्या नातीएवढ्या. पण त्यांनीही तो हिशेब केला असावा, कारण वाचून झाल्यावर त्या उगाचच कागद सारखे करत बसल्या.

मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यात वही-पेन्सिल घेऊन बसले होते. सत्तावीस वर्षं माझी जागा तीच. सकाळी साहेब मला पत्रं सांगायचे, दुपारी कादंबरी. मी दोन्ही लघुलिपीत उतरवून घ्यायची आणि टाइप करायची. कादंबरीच्या वेळी फोन आला, तर "मीटिंगमध्ये आहेत" हे माझं ठरलेलं उत्तर. खाली कारखान्यातल्या बायका मात्र एकमेकींना सरळ सांगायच्या, आत्ता वर जाऊ नकोस, साहेब ग्रहावर आहेत.

आमची कंपनी एकच वस्तू करायची, औषधांची पेटी. ठरल्या वेळी तिचं झाकण उघडतं, हवी तेवढीच गोळी पुढे येते, आणि गोळी तशीच पडून राहिली तर पेटी माणसाला हाक मारते. ही पेटी साहेबांना सुचली ती आधी कादंबरीत, यानातल्या एका विसराळू म्हाताऱ्यासाठी. पुस्तकाच्या तीनशे प्रतीही खपल्या नाहीत. चार वर्षांनी साहेबांनी चांगली नोकरी सोडली आणि ती पेटी खरोखरच बनवली. पेटंटसाठी अर्ज केला, तो फेटाळला गेला. कल्पना नवी नाही, पूर्वीच छापून आलेली आहे, असं उत्तर आलं, आणि पुरावा म्हणून साहेबांच्याच कादंबरीची तीन पानं जोडलेली होती.

ते पत्र वाचून साहेब आधी खूश झाले. "बाई, कुणीतरी वाचलीय हो," म्हणाले. आपलं काय झालंय ते त्यांच्या ध्यानात यायला दुसरा दिवस उजाडला. मग काय, ज्याला हवी त्याने आमची पेटी उचलली. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारे मी पुष्कळ पाहिले, पण तो धोंडा आधी पुस्तकात छापून आणणारे साहेब एकटेच. पुढची सगळी वर्षं आम्ही आमच्याच वस्तूची नक्कल केल्यासारखे मागे मागे धावत राहिलो. साहेबांनी सात कादंबऱ्या लिहिल्या आणि कंपनी कशीबशी तगवली. दोन्हींत त्यांना कुणी फारसं विचारलं नाही.

हा इतिहास नव्या मालकांना ठाऊक होता. म्हणून हे कलम.

आणि आठवी कादंबरी माझ्या कपाटात होती. अकरा वर्षं चाललेली, तीनशे बारा पानं. दोन ग्रहांच्या मधल्या वाटेवरची एक टपालवाली. पिशवीत एकच पत्र, आणि प्रवास चौतीस वर्षांचा. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, कारण ती पोहोचते की नाही हे साहेबांचं ठरत नव्हतं. दोन्ही प्रकारे त्यांनी मला सांगून पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा फाडायला लावलं होतं.

आठवड्यापूर्वी ती पानं वकीलबाईंनी तपासायला नेली होती. आज आणली, ती पेन्सिलीच्या खुणा करून. ज्या पानांवर यंत्र आहे ती मालकांची, उरलेली साहेबांची. साहेबांच्या वाट्याला एकेचाळीस पानं आली.

साहेबांनी ती सावकाश चाळली. "यात ती नुसती बसलीय," ते म्हणाले. "कुठे बसलीय, ते तुमच्याकडे."

वकीलबाई उठल्या. मालकांना फोन करायचं निमित्त करून बाहेर गेल्या.

मी आयुष्यात साहेबांना सल्ला दिला नव्हता. त्या दिवशी दिला. "सही करू नका," म्हटलं. "कपाटात कुजवतील ते. छापणार थोडेच आहेत?"

"खाली चौपन्न माणसं आहेत."

"ती बघतील आपापलं."

"तुम्ही दोन महिन्यांनी निवृत्त होताय, बाई," साहेब म्हणाले. आवाज चढला नव्हता, थकलेला होता. "म्हणून तुम्हाला हे बोलता येतंय."

मला ते फार लागलं, कारण खरं होतं. चार महिने कारखान्यात नवीन काम आलं नव्हतं. तारा जोडणाऱ्या दोघी बहिणी रोज वेळेवर येऊन रिकामं बाक पुसून बसायच्या. नव्या मालकांनी सगळ्यांना तीन वर्षं कामावर ठेवायचं लिहून दिलं होतं, पण ते याच करारात, विसाव्या कलमात. एकोणिसावं ओलांडल्याशिवाय विसावं येत नव्हतं.

वकीलबाई परत आल्या. साहेबांनी पानापानावर सही केली. मग ती एकेचाळीस पानंही उचलून बाकीच्यांत घातली, गठ्ठा टेबलावर ठोकून नीट केला आणि पुढे सरकवला. एवढी पानं घरी नेऊन मी काय करू, म्हणाले. वकीलबाईंनी गठ्ठा मोठ्या पाकिटात घालून चिकटवला. पाकिटावर तारीख घातली.

जायला उठल्या, पर्स खांद्याला लावली, आणि तिथेच थांबल्या.

"एक विचारू? कामाचं नाहीये." त्यांचा चेहरा जरा ओशाळला होता. "मी यंत्रं शोधायला म्हणून वाचायला घेतलं होतं. दोनदा वाचलं. ती पोहोचते का?"

साहेबांनी चष्मा काढला. मला वाटलं, माहीत नाही म्हणतील.

"पोहोचते," ते म्हणाले. "पत्र ज्याच्या नावाचं, तो गेलेला असतो. त्याची मुलगी दार उघडते. ती म्हणते, आत या, दमला असाल. बस, एवढंच. टपालवालीला चौतीस वर्षांत तसं कुणी म्हटलेलं नसतं."

अकरा वर्षं मी याच वाक्यासाठी बसले होते. मी मान खाली घातली, तर पेन्सिलीने सगळं उतरवून घेतलेलं होतं. हाताला काय ठाऊक सही झालीय ते.

साहेबांनीही ते पाहिलं. त्यांनी फक्त वकीलबाईंकडे बघून होकाराची मान हलवली.

मी पान फाडलं आणि वकीलबाईंच्या पुढे धरलं. लघुलिपी त्यांना येत नव्हती. तरी त्यांनी ते घेतलं.