वरचं पान

"मॅडम, एकशेसाठ पानं झाली. बंदूक कवा निघते?"

गोंदियाच्या वाचनालयातल्या पुस्तकचर्चेत जुने वाचक छोटेलालजींनी उभं राहून विचारलं. आवाज फसवल्या गेलेल्या गिऱ्हाईकाचा होता.

कुंता सालेकशाकडच्या उपकेंद्रात नर्स. अकरा वर्षं लसींचे डबे वाहून उरलेल्या वेळात तिने आईवर कादंबरी लिहिली. आई विडीसाठीचा तेंदूपत्ता तोडते, सत्तर पानांचा पुडा बांधते, फडीवरच्या, म्हणजे खरेदीच्या जागेवरच्या, मुनशीकडून तपासून घेते आणि त्यातून पोरीला शिकवते. एवढंच त्यात घडत होतं. नाव होतं 'पुडा'. छापून आलं 'बारूदवन'. वर फाटक्या पोलक्यातली, उघड्या मांडीची बाई, हातात रायफल.

बंदूक नाहीच, हे कळल्यावर छोटेलालजींनी पुस्तक टेबलावर ठेवलं, आईच्या कष्टांबद्दल आदर व्यक्त केला आणि ते चहाकडे वळले.

कुंताने तिथूनच नागपूरला प्रकाशकांना फोन लावला. ते शांत होते. शांत राहणं त्यांना परवडत होतं. सालेकसा म्हणजे नक्षलवादी आणि बंदुका, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. ती तिथेच जन्मलेली असल्यामुळे तिला ते ठाऊक नव्हतं.

"तुमच्या आईचं लुगडं पाहून पुस्तक कोण उचलणार, मॅडम?"

दुपारच्या गाडीने ती घरी आली. धुरपता, तिची आई, अंगणात पुडे बांधत होती. आपल्यावर पुस्तक येऊन राहिलं, हे तिने गावभर सांगितलं होतं. तिला अक्षर येत नव्हतं. तिच्यापुरतं पुस्तक वरच्या चित्रातच संपणार होतं. कुंताने ते तिच्या हातात दिलं.

"हे कोन व्हय?"

"तू."

म्हातारीने चित्रावरून बोट फिरवलं. "माहं लुगडं कोनं नेलं?"

आत सगळं खरं लिहिलंय, प्रकाशकच नालायक, असं कुंता संतापून सांगू लागली. धुरपताने ऐकून घेतलं.

"लबाड बाया वर चांगलं पान लावते, अंदर सडकं. तुह्यावाल्यानं चांगल्या पुड्यावर सडकं लावलं. बांधाच्या आंधी तुनं पायलं काऊन नाही?"

कुंताने पाहिलं होतं. चित्र छपाईआधीच तिच्याकडे आलं होतं. पुस्तक अडेल म्हणून ती गप्प बसली होती.

धुरपताने विळ्याने कव्हर उसवून चुलीजवळ टाकलं. ढिगातली दोन मोठी, निर्मळ पानं निवडली, पुस्तकाला खालीवर लावली आणि दोरीचे दोन वेढे देऊन गाठ मारली. मग मुनशीकडे न्यायच्या पुड्यांच्या रांगेत तो पुडाही नीट ठेवला.