बाणाच्या टोकाची जाळी

पिंपळनेरजवळच्या गावात दगडखाणीची जनसुनावणी लागली होती. सुनावणी घ्यायला आलेल्या साहेबांच्या रेकॉर्डरमध्ये जे उतरेल तेच कागदावर जाणार, आणि उतरत होती नुसती घूंऽऽ. खाणीला हरकत घ्यायला उठलेल्या भुरीबाईचं बोलणं तिच्याखाली गाडलं गेलं होतं.

"काही कळत नाही," हेडफोन काढत साहेब म्हणाले. त्यांना दुःख झालेलं दिसलं नाही. "पाच मिनिटं देतो. नाहीतर हरकत ऐकू आली नाही असं लिहून निघतो."

धुळ्याहून साउंड घेऊन आलेला जगदीश घामानं भिजला. माइक बदलून झाला, मिक्सरची सगळी बटणं फिरवून झाली. राहिली एकच वायर, मिक्सरपासून साहेबांच्या रेकॉर्डरपर्यंतची. मिक्सर देवळाच्या वीजमीटरवर, रेकॉर्डर ग्रामपंचायतीच्या.

आणि त्याला कालचा उद्योग आठवला.

वायर त्याच्या उस्ताद रतिलालभाऊंनी हातानं बनवलेली. तिच्यावर रेकॉर्डरकडे जाणारा बाण. काल पिन खोलली, तर बाणाच्या टोकाला आतली तांब्याची जाळी कापलेली. "म्हातारा आळशी," असं दुकानात चारचौघांत बोलून जगदीशनं ती सोल्डरनं जोडून टाकली. सुटी वायर दिसली की याचा हात थांबत नाही. जाळी बाहेरचा खरखराट अडवते, पण दोन्ही टोकांना जोडली की दोन मीटरांच्या अर्थिंगमधला करंट तिच्यातूनच फिरतो आणि घूं उठते. म्हाताऱ्यानं मुद्दाम कापली होती.

त्यानं कटर काढला. भुरीबाईचा पोरगा पुन्या जवळ सरकला.

"जगदीशभाऊ, दुसरी वायर शे ना?"

"नाही."

"मंग कापी टाकशी?"

"मंग तू गप ऱ्हाय."

खाणवाल्यांतला एकजण उठला. "साहेब, हा पुरावा कापतोय."

"माझी चूक कापतोय," जगदीश मान वर न करता म्हणाला. "कालच घातलीय. उस्तादाला शिव्या देऊन."

जाळीला खेटूनच आवाजाच्या दोन बारीक तारा. त्यातली एक तुटली असती तर सगळं गाव मुकं झालं असतं. त्यानं श्वास रोखला आणि कटर दाबला.

घूं थांबली.

साहेबांनी हेडफोन लावला, घड्याळ पाहिलं. "बाई, थोडक्यात सांगा."

"थोडक्यात कशी सांगू?" भुरीबाई म्हणाली. "डोंगर थोडा शे का?"

ती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आज्याच्या शेताच्या बांधापासून. साहेबांना पेनाचं टोपण काढावं लागलं.