म्हशीचा लाल दिवा

डॉक्टरिणीच्या जुन्या जीपला घरात सगळे म्हैस म्हणत. रंगाने काळी, अंगाने थोराड आणि चिखल दिसला की बसकण मारायची. गेल्या दोन महिन्यांत तर तिने कहर केला होता. डॉक्टरीण जनावरांची. डोंगरातल्या वीस-बावीस गोठ्यांना तिच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि तिथवर चढणारी गाडी म्हशीशिवाय दुसरी नव्हती. पण हल्ली तिची बॅटरी वाटेतच मान टाकायची. मग डॉक्टरीणबाई खांद्यावर बॅग टाकून चालत गोठ्यावर, आणि म्हैस झाडाखाली गपगार.

बॅटरी नवी आणून झाली. इंजिन चालू असताना बॅटरी भरतो तो अल्टरनेटर काढून गॅरेजवाल्या काकांकडे नेला. काकांनी तो टेबलावर गरगर फिरवून दाखवला. ठणठणीत! पट्टा बदलला, तारांची टोकं घासली. तरी तेच. मोठ्या रस्त्यावर म्हैस शहाण्यासारखी धावायची आणि डोंगरात गेली की हमखास गाशा गुंडाळायची.

"तिला चढच आवडत नाही," डॉक्टरिणीचा नवरा म्हणायचा. त्याची बेकरी होती, आणि पिठाने माखलेल्या हातांनी तो जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल ठाम मत द्यायचा.

अशात त्याची धाकटी बहीण आठ दिवसांच्या सुट्टीवर आली. ती लिफ्ट दुरुस्त करायची. चौदाव्या मजल्यावर अडकलेल्या माणसांना दारापलीकडून गप्पांत गुंतवायचं आणि हाताने बिघाड शोधायचा, हे तिचं रोजचं काम. डॉक्टरीण तिला ‘वन्सं’ म्हणायची. थट्टेत सुरू झालेलं ते अंगवळणी पडलं होतं.

रविवारी सकाळी नणंदेने अंगणात म्हशीचं बॉनेट उघडलं आणि विचारलं, "वहिनी, ही बंद पडते कधी?"

"नको तेव्हा."

"तसं नाही गं. कुठे, किती वेगात, त्याआधी काय काय झालं?"

डॉक्टरिणीला हसूच आलं. कधीपासून, काय खाल्लं, शेण कसं आहे, असं ती स्वतः गोठ्यात विचारायची. मग तिने खरंच आठवून सांगितलं. घरातून निघताना त्रास नसतो. पहिल्या गोठ्यावर गाडी बंद करते. तिथून पुढे सगळा खडकाळ रस्ता, पहिल्या गिअरमध्ये रांगत जायचं. दुसऱ्या-तिसऱ्या गोठ्यापर्यंत दिवे पिवळे पडतात आणि संपतं.

"लाव इंजिन," नणंद म्हणाली.

तिने मीटरच्या तारा बॅटरीला लावल्या. आकडा बारा पॉइंट दोन व्होल्ट. इंजिन चालू, तरी बारा पॉइंट दोन. मग बारा पॉइंट एक.

"काहीच भरत नाहीये. भरत असती तर चौदा दिसले असते. आता दे अॅक्सिलरेटर. अजून. घाबरू नकोस, दे!"

म्हशीने डरकाळी फोडली. आणि एकाएकी मीटरवरचा आकडा उडी मारून चौदा पॉइंट दोनवर गेला.

"अगं बाई!" नणंद ओरडली. "पाय काढ, पाय काढ!"

इंजिन शांत झालं. आकडा चौदावरच ठाम.

"बंद करून पुन्हा लाव."

पुन्हा बारा पॉइंट एक. नणंदेचे डोळे लकाकले. "हा अल्टरनेटर झोपलेला असतो, वहिनी! चालू केल्यावर जागाच होत नाही. एकदा जोरात पळवलं की जागा होतो, आणि मग इंजिन बंद होईपर्यंत जागा राहतो. काकांच्या टेबलावर तो वेगातच फिरत होता, म्हणून तिथे गुणी बाळ! पण याला रोज उठवायचं काम कोणाचं असतं, ते शोधलं पाहिजे."

तेवढ्यात डॉक्टरिणीचा फोन वाजला. ओढ्यापलीकडच्या तबेल्याची मालकीण होती. घोडी अडली होती. पाणी फुटून दहा मिनिटं झाली होती आणि शिंगराचा एकच खूर बाहेर दिसत होता.

"तिला चालवत ठेवा, बसू देऊ नका. आलेच मी!" डॉक्टरिणीने फोन खिशात कोंबला. "वन्सं, घोडीला वेळ नसतो. अर्ध्या तासाच्या आत पोचलं नाही तर शिंगरू जातं."

बेकरीची व्हॅन ओढा ओलांडू शकत नव्हती. नणंदेने उत्तर देण्याऐवजी बॉनेट आपटलं, हत्यारांची पिशवी उचलली आणि शेजारच्या सीटवर उडी मारली. "जोरात पळवून जागा कर याला, आणि तबेला येईपर्यंत इंजिन बंद पडू देऊ नकोस."

त्या निघाल्या. नणंदेने मीटरच्या तारा डॅशबोर्डखालच्या फ्यूजला लावल्या आणि मीटर मांडीवर घेतला. धुकं होतं, म्हणून दिवे लावले, वायपर लावले. "चौदा पॉइंट एक," ती दर वळणाला ओरडत होती. "चौदा! अजून चौदा!" खड्ड्यांतून दोघींची डोकी छताला लागत होती आणि कोणालाच त्याचं काही नव्हतं.

ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. डॉक्टरिणीने सावकाश म्हशीला आत घातलं. मधोमध चाक एका गोट्यावर चढलं आणि धाडकन खाली आपटलं. पाण्याची लाट बॉनेटखाली शिरली. इंजिनने दोन आचके दिले आणि बंद पडलं.

"नाही, नाही, नाही," म्हणत डॉक्टरिणीने किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच कुंथलं.

"थांब, बॅटरी संपवू नकोस. आत पाणी गेलंय. ते पुसावं लागेल."

"मी पुसते. कुठे ते माहितेय मला." डॉक्टरीण टॉवेल घेऊन पाण्यात उतरलीसुद्धा. नणंदेने किल्ली एक घर फिरवून मीटर बघितला. बारा पॉइंट तीन. चार-पाच प्रयत्न निघतील. मग तिचं लक्ष मीटरवरून वर गेलं, आणि तिथेच खिळलं.

डॅशबोर्डवर ऑइलचा दिवा लागला होता. त्याच्या शेजारी बॅटरीचं चित्र असलेली काच मात्र काळीच होती.

"वहिनी! हा बॅटरीचा लाल दिवा लागत नाही का?"

"नाही हल्ली," बॉनेटमागून आवाज आला. "पूर्वी किल्ली फिरवली की लागायचा. मग तुझ्या दादाने माझ्या वाढदिवसाला सगळे दिवे बदलून नवीन एलईडी घातले. तेव्हापासून लागलाच नाही. तोच म्हणाला, बॅटरी एकदम उत्तम आहे, म्हणून लागत नाही."

"वाढदिवस कधी होता?"

टॉवेल हातात घेऊन डॉक्टरीण बॉनेटच्या बाजूने डोकावली.

"दोन महिन्यांपूर्वी," डॉक्टरीण म्हणाली.

"दादा!" नणंदेने आकाशाकडे बघून आरोळी ठोकली. "अगं, अल्टरनेटरला उठवणारा करंट याच दिव्यातून जातो! जुना साधा बल्ब तो जाऊ देतो. एलईडीतून एक तर नीट जातच नाही, आणि दादाने तो उलटा बसवला असणार, म्हणजे थेंबभरही नाही. पूस तू, पूस! मी बघते!"

ती डॅशबोर्डखाली उताणी शिरली. पाय दारातून बाहेर, टॉर्च दातांत. मागून हात घालून तिने दिव्याचा होल्डर उपसला. एलईडी निघाला, एवढासा, दाण्याएवढा. पिशवीत तिचा टेस्ट लॅम्प होता: एक साधा काचेचा बल्ब आणि दोन तारा. लिफ्टमधल्या बारा व्होल्टच्या बॅटऱ्या तपासायला तिने स्वतः बनवलेला. त्याच्या तारा तिने होल्डरमध्ये अडकवल्या आणि वर टेप गुंडाळली. बल्ब डॅशबोर्डखाली लोंबकळला आणि लख्ख पेटला.

"लागला!" ती टॉर्चसकट ओरडली.

डॉक्टरीण चिंब पायांनी आत आली. "पुसून झालं. लावू?"

"लाव. आणि अॅक्सिलरेटरला हात नको... पाय नको लावू!"

किल्ली फिरली. इंजिन कुंथलं, खोकलं, पुन्हा कुंथलं. मग एकदम पेटलं. लोंबकळणारा बल्ब क्षणभर फडफडला आणि विझला. नणंदेने उठून बसत मीटर दोन्ही हातांनी वर धरला.

"चौदा पॉइंट एक! नुसत्या आयडलवर, वहिनी, पाय न लावता!"

डॉक्टरिणीने स्टीअरिंगवर बुक्की मारली, त्याबरोबर हॉर्न वाजला आणि काठावरच्या टिटव्या उडाल्या. पहिल्या गिअरमध्ये, दिवे आणि वायपर चालू ठेवून, म्हैस रांगत ओढ्याबाहेर आली. आकडा हलला नाही.

तबेल्यात मालकीण घोडीला फेऱ्या घालत होती. रडून तिचे डोळे सुजले होते. डॉक्टरिणीने कोपरापर्यंत हात साबणाने धुतला आणि आत घातला. "एक पाय गुडघ्यात दुमडलाय," ती म्हणाली. "वन्सं, डोकं धर हिचं. बोलत राहा तिच्याशी."

नणंदेला घोडीशी काय बोलायचं ते कळेना. म्हणून लिफ्टमध्ये अडकलेल्यांशी बोलायची तेच ती बोलली. "घाबरायचं नाही हं. श्वास घ्यायचा. आमची माणसं कामाला लागलीयत. पाच मिनिटांत दार उघडतंय." घोडीचा कान तिच्याकडे वळला.

डॉक्टरिणीने शिंगराला मागे लोटलं, खूर मुठीत झाकून पाय सरळ केला आणि म्हणाली, "आता." तिने आणि मालकिणीने कळेबरोबर ओढलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ओलं, लांबलचक पायांचं शिंगरू गवतावर घसरलं आणि निपचित पडलं. डॉक्टरिणीने त्याच्या नाकपुड्या पुसल्या, बरगड्या खसाखसा चोळल्या. पुन्हा चोळल्या. मग ते शिंकलं.

मालकीण मटकन गवतावर बसली आणि रडता रडता हसू लागली. नणंद घोडीच्या कानाशी सांगत होती, "उघडलं गं दार, उघडलं."

तासाभराने शिंगरू चार वेळा पडून पाचव्यांदा उभं राहिलं, तेव्हा त्या परत निघाल्या.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "पण एलईडी टिकतात जास्त," तो एवढंच म्हणाला आणि अर्धा तास फुगून बसला. मग उठून स्वतःच दुकानात गेला, जुन्या धर्तीचा साधा बल्ब घेऊन आला आणि बहीण शेजारी उभी राहून सांगत असताना त्याने तो बसवला. किल्ली फिरवली, लाल दिवा लागला. इंजिन लावलं, दिवा विझला. त्याने ते सात-आठ वेळा करून बघितलं, आणि दर वेळी बायकोकडे बघून भुवया उंचावल्या.

नणंदेने सुट्टी आणखी चार दिवस वाढवून घेतली. ते चारही दिवस ती म्हशीत बसून डोंगरातल्या गोठ्यांवर हिंडली.