बेबाबाईचं वय

खोटारडे तुम्ही आहात, साहेब. नाव घेत नाही, कारण नाव बदलेल, खुर्ची तीच राहील. एका हाताने हुकूम काढायचा आणि दुसऱ्या हाताने तोच मातीत घालायचा, ही तुमची रीत. मधल्या मध्ये सापडतो तो काउंटरवरचा माणूस. शालिग्राम सापडला तसा.

भडगाव-एरंडोल रस्त्याला एका फाट्यावर मोतीलालशेठचं बियाणं-खतांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. शालिग्राम तिथे अकरा वर्षं नोकरीला. एकोणनव्वद सालची संक्रांत झाली आणि तालुक्याच्या कचेरीतून सूचना आली. विषारी औषध अठराच्या आतल्या कुणालाही देऊ नये. वयाचा पुरावा पाहावा, रजिस्टरला सही घ्यावी. कसूर झाल्यास परवाना रद्द, विकणाऱ्यावर खटला. खाली गोल शिक्का, वर साहेबांची लांबलचक सही, शेपूट वर वळवलेली.

शेठने ती खिळ्याला लटकवली आणि म्हणाला, "विकणारा तू. नीट वाचून ठेव."

'विकणारा' या एका शब्दाने शालिग्रामची झोप उडाली. मिसरूड न फुटलेलं कुणी पायरी चढलं की तो आधी त्या खिळ्याकडे बघायचा. जो येईल त्याला तो वय विचारायचा. गिऱ्हाइकं टिंगल करायची. साठीच्या पुनाआबाने तर टोपी काढून टक्कल पुढे केलं. "देख, हाऊ मना दाखला!"

फाल्गुनात एका दुपारी ती आली. साडीचा घोळ पायात येत होता, म्हणून तो मुठीत धरून पायरी चढली. गळ्यात मंगळसूत्र, चेहरा शाळकरी.

"कपाशीवर मारानं औसद दे भाऊ."

शालिग्रामने मान वर केली, मागची सूचना दाखवली आणि सुटका करून घेतली. "वयाचा कागद आण. त्याशिवाय मिळणार नाही."

ती गेली. बरं झालं, बला टळली, असं त्याला वाटलं. कशाला हवं होतं, घरात कोण आहे, काही विचारलं नाही. खटल्याच्या भीतीने माणसाचं डोकं असं एकाच खुंट्याला बांधलं जातं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ती कागद घेऊन आली. ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता कागदाला. 'कु. बेबाबाई झिपरू, वय वर्षे एकोणीस पूर्ण.' शिक्का बरोबर. शालिग्रामने हायसं होऊन फळीवरून कवटीच्या चित्राची बाटली काढली, काउंटरवर ठेवली, रजिस्टर उघडलं. नाव लिहिलं. वय लिहिलं. पुढचा रकाना पिकाचा.

"पीक?"

"कपाशी."

त्याने 'कपा' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. बाहेर ऊन तापत होतं. समोरच्या धुरपदाबाईच्या चहाच्या चुलीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या जळत होत्या. अख्ख्या शिवारातली कपाशी उपटून महिना झाला होता. वाळलेल्या काड्यांवर कोण फवारणी करतं?

शालिग्रामने बाटली हळूच स्वतःकडे ओढली.

"कोनी धाडं तुले?"

"सासूनी."

"कोनतं वावर?"

तिची नजर बाटलीवर होती, ती हलेना.

"तुनं खरं वय काय शे, बेबा?"

"कागदवर शे ना."

मोतीलालशेठ गादीवरून ओरडला, "काय चौकशी लावलीय? कागद आहे ना? सही घे आणि दे. तिची सासू येऊन माझ्या नावानं शिमगा करेल."

"शेठ, शेतात कपाशी नाही."

"ते सूचनेत लिहिलंय का? वय बघ म्हणाले, वय बघितलं. आपण मोकळे." शेठ उठला आणि बाटलीला हात घातला. "सरक, मी देतो."

शालिग्रामने बाटली सोडली. कागद मात्र उचलला आणि बंडीच्या आतल्या खिशात कोंबला.

"आता द्या. बिनकागदाचं द्या."

शेठचा हात तिथेच थांबला. पोर मात्र काउंटरवरून अर्धी आत आली. "कागद दे भाऊ! सासू मारी टाकी माले. ट्रंकमातून काढेल शे तो."

आरडाओरडा ऐकून धुरपदाबाई धावत आली. पोरीला पाहून म्हणाली, "अगं, झिपरूनी पोर ना तू? शाळेच्या बाईंनी लग्न अडवलं होतं ती? सातवीतून उठवली हिला, भाऊ. मग बापानं कचेरीतून वयाचा कागद आणला आणि आठ दिवसांत उरकलं."

शालिग्रामने खिशातला कागद पुन्हा काढला. नीट पाहिला. मग मागे वळून भिंतीकडे पाहिलं. तीच सही. तेच वर वळवलेलं शेपूट.

त्याने सूचना खिळ्यावरून ओढून काढली.

"अक्का, हिला चुलीपाशी बसव. मी येईपर्यंत हात सोडू नको."

"गेलास तर परत येऊ नको!" शेठ म्हणाला.

तालुक्याची एसटी समोरच उभी होती. वाटभर त्याला एकच धास्ती. धुरपदाबाई टपरी सहाला बंद करते. सासू त्याआधी आली तर? पोर हात सोडवून पळाली तर? उंदराचं औषध तर किराणावालाही विकतो, तो कुठला कागद मागतो?

कचेरीत शिपायाने अडवलं. "अर्ज आणलाय का?"

"दोन कागद आणलेत. दोन्ही साहेबांचेच."

तो आत घुसलाच. दोन्ही कागद त्याने टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. साहेबांनी चष्मा लावून पाहिले.

"सूचना रीतसर आहे. दाखलाही रीतसर आहे. तुझी तक्रार काय?"

"तक्रार नाही. तुमच्या या कागदानं सातवीतल्या पोरीचं लग्न लागलं. आज तोच कागद दाखवून ती विष मागायला आली. तुमचा हुकूम पाळला असता तर बाटली तिच्या हातात होती."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी दाखला उचलायला हात पुढे केला. "ठेव इथे. बघतो मी."

शालिग्रामने तळहात कागदावर दाबला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच झाले होते.

"बघू नका. तोंडानं सांगा, साहेब. पोर तिकडं चुलीपाशी बसलीय. बेबाबाईचं वय किती?"