चौकोनी चट्टा

त्रेपन्न साली उचगावचा ज्ञानू शाहूपुरीतल्या एका कारखान्यात सायकलींच्या हँडलांना निकेलचं पाणी चढवायचा. त्याच्या हातांना खाज सुटली, तेव्हा गावानं नजर लागल्याचं ठरवून टाकलं. बायकोनं, शालूबाईनं, मंतरलेला तांब्याचा चौकोनी ताईत आणला. असला काळपट ताईत घालायची ज्ञानूला लाज वाटली. त्यानं कारखान्यात नेऊन त्यालाही निकेल चढवलं आणि मगच तो गळ्यात घातला. हातांची खाज जायची राहिली बाजूला, छातीवरही लालभडक चट्टा उठला.

शालूबाईला चैन पडेना. तिनं ताईत उचलून चट्ट्यावर धरला, तर काठाला काठ जुळला.

"अवं, नजर कवा चौकोनी असती व्हय? ह्ये तुमच्या निकेलचं काम हाय!"

"मग काढून टाकतो की ताईत."

"ताईत काढशीला. कामावर जाताना हात कुठं काढून ठेवशीला?"