बाजूला ठेवलेलं मडकं

“पण तू तिथं करतं तरी काय बे?” उकंडराव कुंभारांनी विचारलं आणि उंद्री गावातली अर्धी गल्ली वळून पाहू लागली. दोन वर्षांत त्यांचे कान गेले होते. पण ते कबूल करतील तर शपथ! उलट, लोकच हल्ली पुटपुटतात, असं त्यांचं म्हणणं.

मुंबईच्या अणुकेंद्रातून रजेवर आलेला शेषराव बापाच्या कानाशी ओरडला, “गोळ्या भाजतो बाबा! पुढं नव्या अणुभट्ट्या येतीन, त्याइचं जळण! तापवतो, थंड करतो, तडा जाते का पाह्यतो!”

“अन् गेला त?”

“आतलं जहर भाईर येते. म्हून शंका आली का गोळी बाजूले ठेवाची. सायेब समोर उभा असो का मंत्री!”

“म्हंजे कुंभारकीच हाय की!” म्हातारा खूश झाला. पोरगा बाँब बनवतो, असं गावानं त्याला किती दिवस ऐकवलं होतं!

दुपारी वामनरावांच्या घरच्या बाया वाजतगाजत लग्नाची मडकी न्यायला आल्या. चाळीस वर्षं गावातल्या लग्नांना उकंडरावांचीच मडकी. लग्नाचं मडकं गळलं तर अपशकुन, आणि बोल कुंभाराला. पण तसं एकदाही झालं नव्हतं. उकंडराव एकेक मडकं बोटानं वाजवत, कान लावत आणि मान डोलावत.

चौथं मडकं खणखणीत न वाजता बद्द वाजलं, तडा असल्यासारखं. शेषरावानं ते ऐकलं. म्हाताऱ्यानं मात्र मान डोलावून ते बायांपुढे सरकवलं.

कानात सांगायची सोयच नव्हती. सांगायचं तर ओरडून, सगळ्या बायांदेखत बापाची अब्रू काढायची. न सांगावं, तर भर मांडवात ती जाणार. शेषरावानं मुकाट्यानं मडकं उचललं आणि बाजूला ठेवलं.

उकंडरावांनी ते पाहिलं. त्यांनी मडक्यात तांब्याभर पाणी ओतून ते वर धरलं. बुडाशी ओलीची बारीक रेघ उमटली. वाजंत्रीसुद्धा थांबली.

“थांबा माय, दुसरं देतो,” उकंडराव म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते इतकं हळू बोलले.

आतून त्यांनी नवं मडकं आणलं, बोटानं वाजवलं. या वेळी कान लावला नाही. नुसते पोराच्या तोंडाकडे पाहत राहिले.

शेषरावाचे डोळे भरून आले होते. त्यानं मान हलवली, तेव्हा कुठे म्हाताऱ्यानं मडकं बायांच्या हाती दिलं.