ऐंशीची थरथर

मिस्त्रीच्या गॅरेजात न सापडलेला बिघाड नाही, असं लोक म्हणत. लोक थोडं म्हणत, मिस्त्री स्वतःच जास्त म्हणायचा. खुर्चीतून न उठता, नुसता इंजिनाचा आवाज ऐकून तो निदान सांगायचा, आणि दहातली नऊ खरी निघायची. दहावं निदान त्यानं सख्ख्या भावाचं केलं.

दादा त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा. गॅरेज दोघांनी मिळून काढलेलं. पुढे दादाची कंबर बोलायला लागली, वाकून काम होईना, म्हणून गेल्या हिवाळ्यात त्यानं रक्त तपासणाऱ्या एका लॅबची गाडी चालवायला घेतली. सकाळी नमुन्यांचे डबे भरायचे, हायवेनं मोठ्या शहरात पोचवायचे आणि परत यायचं. बसून काम. दादा खूश होता.

पावसाचे दिवस लागले आणि त्याची तक्रार सुरू झाली. साठपर्यंत काही नाही, पण ऐंशी गाठली की स्टिअरिंग थरथरतं. मिस्त्रीनं गल्लीच्या टोकापर्यंत चाळिसाच्या वेगानं एक चक्कर मारली, "अरे, लोण्यासारखी चालतेय" म्हणाला आणि चारही चाकांत हवा भरून दिली. आठवड्यानं दादा परत हजर. थरथर कमी होण्याऐवजी वाढलेली. मग चाकं बॅलन्सिंगच्या मशीनवर चढली. मशीन एकदा एक आकडा दाखवी, दुसऱ्यांदा भलताच. मिस्त्रीनं मशीनला दोन शिव्या हासडल्या, अंदाजानं शिशाची वजनं ठोकली आणि वर पुन्हा हवा भरली. ओल्या रस्त्याला हवा जरा चढीच हवी, हे त्याचं आवडतं शास्त्र.

"एकदा हायवेला चल माझ्याबरोबर," दादा म्हणाला. "पाऊस चालू असताना. हात थरथरत असते तर साठलाही थरथरले असते ना?"

हातांचा विषय मिस्त्रीनंच चेष्टेत काढला होता. हायवेला जायला त्याला वेळ नव्हता. उंटावरून शेळ्या हाकायची सवय लागली की खाली कोण उतरतो?

तिसऱ्या खेपेनंतर लॅबवाल्या बाईंचा फोन आला. "खरं सांगा मिस्त्री, दोष गाडीत आहे की चालवणाऱ्यात?"

मला सापडत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण ते तीन शब्द मिस्त्रीच्या जिभेला माहीत नव्हते. "गाडी ठणठणीत आहे बाई. वय झालं की हात थरथरतात, आणि माणूस म्हणतो स्टिअरिंग थरथरतंय."

बाईंचा फोन स्पीकरवर होता आणि त्यांच्या टेबलासमोर दादा उभा होता. वहिनीनं हे मिस्त्रीला नंतर, अगदी शांत आवाजात सांगितलं. दादाची नोकरी त्याच आठवड्यात गेली. त्याला दीड महिना झाला, आणि तेव्हापासून मिस्त्रीनं दादाच्या घराची पायरी चढली नव्हती.

आज सकाळी तीच गाडी दारात आली. लॅबनं दादाच्या जागी नेमलेली ड्रायव्हर खाली उतरली. तिशीची, खणखणीत बाई.

"मिस्त्री, ऐंशीच्या पुढे गाडीला हुडहुडी भरते. कालच्या पावसात दात वाजले माझे."

मिस्त्रीनं नकळत तिच्या हातांकडे पाहिलं. ते दगडासारखे स्थिर होते.

त्यानं पुढचं चाक मशीनवर चढवलं. तीनदा फिरवलं, तीन वेगळे आकडे. या वेळी त्यानं मशीनला शिवी दिली नाही. चाक उतरवलं, हातात धरून हलवलं आणि कान लावला. आत काहीतरी डुचमळत होतं. टायर रिमवरून सोडवला तर फरशीवर मगभर तांबूस पाणी सांडलं. दुसऱ्या चाकातही तेच.

"टायरात पाणी?" ड्रायव्हरबाईंनी विचारलं. "शिरलं कुठून?"

कुठून ते मिस्त्रीला कळलं होतं. कोपऱ्यातल्या हवा भरायच्या कॉम्प्रेसरपाशी तो गुडघ्यांवर बसला आणि टाकीच्या तळाचा कॉक उघडला. गंजकं पाणी भसाभस येत राहिलं, बादली भरत आली. दमट दिवसांत हवेबरोबर ओल दाबली जाते, तिचं पाणी तळाशी साचतं, ते रोज सोडावं लागतं. हे तो झोपेतसुद्धा सांगेल. पण कॉकला त्याचा हात चारदाही लागला नव्हता. गॅरेज दादा उघडायचा आणि मिस्त्री येईपर्यंत टाकी रिकामी झालेली असायची. इतकी वर्षं. दादा गॅरेज सोडून गेला आणि ते काम कुणीच केलं नाही. लॅबच्या गाडीतली हवाही आधीपासून इथेच भरली जायची. दादा तक्रार घेऊन यायचा, मिस्त्री हवा भरायचा, आणि दर खेपेला टायरात आणखी थोडं पाणी जायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. फक्त चोर स्वतःच न्याय करायला बसला होता.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ड्रायव्हरबाईंना त्यानं खरं ते सांगितलं, चाकं पुसून कोरडी करून दिली, आणि बाटलीत ते तांबूस पाणी भरून दादाच्या घरी गेला.

दार वहिनीनं उघडलं. "या भावोजी," म्हणाली, पण हसली नाही. दादा खिडकीपाशी बसला होता. समोर चहाचा कप होता, जेमतेम अर्धा भरलेला.

"अर्धाच घेतात हल्ली," वहिनी म्हणाली. "सांडेल म्हणून. दाढीलाही न्हाव्याकडे जातात. डॉक्टर म्हणाले, हातांना काही झालेलं नाही. पण यांना डॉक्टरांपेक्षा मिस्त्रीवर विश्वास."

मिस्त्रीनं बाटली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. स्वतःला कुठेही सूट दिली नाही. दादानं बाटली उजेडात धरून पाहिली.

"कॉक उघडला नाहीस?"

"नाही."

"पहिल्याच दिवशी दाखवला होता तुला."

"हो दादा."

मग मिस्त्रीनं लॅबवाल्या बाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "बाई, दादाचे हात ठणठणीत आहेत. दोष माझ्या कॉम्प्रेसरचा होता, आणि माझा. मी खोटं बोललो." फार वाईट झालं, बाई म्हणाल्या. पण नव्या ड्रायव्हरला आता कसं काढणार? तिचा काय दोष?

"बरोबर आहे," दादाच म्हणाला आणि फोन बंद केला.

वहिनी चहाचं भांडं घेऊन आली. तिनं सवयीनं दादाच्या कपात थोडासाच ओतला.

"पूर्ण भर," दादा म्हणाला.

तिनं काठोकाठ भरला. दादानं उजवा हात नेला आणि कपाच्या कानाशेजारी नुसता ठेवला.

"उचल ना दादा," मिस्त्री काकुळतीनं म्हणाला. "काही होत नाही."

दादानं हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

"तू जा," तो म्हणाला. रागानं नाही, थकून. "मी उचलतो. पण तुझ्यासमोर नाही."